स्कूटरला बाजूची चाकं बसवताय? आधी हे वाचा

पायांनी अधू असलेल्या माणसाला स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून दिली की बाजार, बँक, दवाखाना कुणाच्या मदतीशिवाय होतो. गावात हिला तीनचाकीच म्हणतात. पण काम चुकलं तर हीच गाडी वळणावर पलटी होते.

साधी दुचाकी वळताना झुकते. ही झुकत नाही. डावीकडे वळलात की भार उजवीकडे जातो आणि डावं चाक उचलू लागतं. म्हणून वेग वळणाआधीच कमी करा, वळणात नाही. ओझं खाली पायाशी ठेवा, मागे उंच बांधू नका.

बसवताना तीन गोष्टी बघा. बाजूच्या चाकांना शॉकअप हवेतच. नसतील तर खड्ड्यात मधलं चाक अधांतरी राहून जागेवरच फिरतं. दोन्ही चाकं सरळ रेषेत आणि हवा सारखी हवी, नाहीतर हँडल एका बाजूला ओढतं. पाय चालत नसेल तर सगळे ब्रेक हातात घ्या.

सोयीसाठी पाठीला टेका आणि कुबड्यांना अडकवण करून घ्या.

आणि हो, खड्डा चुकवताना फक्त पुढचं चाक बघू नका, मागची चाकं त्यात जातात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते. आरसीवर नोंद करून घ्या. नोंद नसली तर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येऊ शकते.