मृदेतील पोषकद्रव्यांचे जैव पुनर्भरण
सूक्ष्मजीव, कवके, गांडुळे इ. मृदेतील सजीवांच्या क्रियांमुळे पिकांना पोषकद्रव्ये पुन्हा उपलब्ध होण्याची प्रक्रिया. हवेत सु. ७८% नायट्रोजन असला, तरी वनस्पतींना तो सरळ घेता येत नाही. हरभरा, ताग इ. शिंबावंत पिकांच्या मुळांवरील गाठींतील ऱ्हायझोबियम आणि मृदेत स्वतंत्रपणे राहणारे ॲझोटोबॅक्टर हे जीवाणू त्याचे स्थिरीकरण करतात. जैव पदार्थ कुजताना अमोनिया निर्माण होतो. नायट्रोसोमोनस व नायट्रोबॅक्टर यांच्या क्रियेने त्याचे अनुक्रमे नायट्राइट व नायट्रेट बनते. फॉस्फरस व पोटॅशियम यांचा मात्र हवेत साठा नाही. सूक्ष्मजीव ती खनिजांतून केवळ मोकळी करतात. म्हणून पिकाबरोबर शेताबाहेर गेलेली ही द्रव्ये परत न दिल्यास मूळ साठा घटत जातो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या बेलापूर परिसरात भंडारदरा धरणामुळे (१९२६) उसाची लागवड वाढली. ऊस कारखान्यात गेला, तरी पाचट शेतातच उरते. ते जाळल्यास त्यातील कार्बन व बराचसा नायट्रोजन हवेत निघून जातो. सरीत पसरून कुजविल्यास त्याचे ह्यूमस बनते व ओल टिकते. पाचटात कार्बनाच्या मानाने नायट्रोजन फार कमी असल्याने कुजविणारे जीवाणू आरंभी मृदेतील नायट्रोजन वापरतात आणि खोडव्याला तो कमी पडतो. यासाठी पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट व जीवाणुसंवर्धन टाकतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास हवेअभावी नायट्रेटाचे विघटन होऊन नायट्रोजन वायुरूपाने निसटतो. म्हणून पाण्याचा निचराही तितकाच आवश्यक असतो.