वॉर्डातली आकडेमोड

कुठल्याही मोठ्या रुग्णालयातली रात्रपाळीच्या केसपेपरांची चळत चाळून पाहा. नाडी प्रत्येकाची वेगळी, ताप वेगळा, बीपी वेगळं. श्वासाचा दर मात्र ओळीने सगळ्यांचा १८, नाहीतर २०. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. बाकीचे आकडे यंत्र देतं; श्वास मात्र रुग्णाच्या छातीकडे मिनिटभर बघत बसून मोजावा लागतो. चाळीस खाटा आणि दोन सिस्टर असतील तर ते मिनिट आणायचं कुठून? पंचाईत अशी, की तब्येत ढासळू लागली की बहुतेकदा आधी बदलतो तो हाच आकडा.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर’ आणला, २०१७ मध्ये तो सुधारला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्धी आणि ताप यांना गुण द्यायचे. वरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाली की आणीबाणी. श्वास १२ ते २० असला तर शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, २५ पासून पुढे तीन. आता मिनिटाला २४ श्वास घेणाऱ्या माणसापुढे सवयीने १८ लिहिलं, की दोन गुण गळाले. पाचाचे तीन झाले. संगणक त्या १८ वर विश्वास ठेवतो, बेरीज अचूक करतो आणि रुग्ण ठीक असल्याचं सांगतो. चुकीच्या आकड्याला संगणकामुळे वजन येतं, ते असं.

परिचारिकांना आकड्यांची गोडी संगणकाने लावली, असंही नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा तिथे मृत्यूंच्या नोंदींचासुद्धा एकमेकांशी मेळ नव्हता. परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी ते आकडे लावले आणि १८५८ मध्ये त्यांची प्रसिद्ध आकृती छापली. लाल रंगात जखमांनी गेलेले सैनिक, काळ्यात इतर कारणांनी, आणि निळ्यात टाळता आल्या असत्या अशा रोगांनी गेलेले. निळ्यापुढे लाल अगदीच किरकोळ दिसतो. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य. आपल्या नर्सिंग कॉलेजांत शपथविधीला दिवे लावतात. ती आकृतीही तिथे भिंतीवर लावायला हवी, असं मला फार वाटतं.

तंत्रज्ञान नर्सच्या गरजेतून आलं की कसं बसतं, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेत कॅन्ससमधल्या टोपेका शहरातलं आहे. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातल्या स्यू किनिक या परिचारिकेने १९९२ च्या सुमारास भाड्याची गाडी परत करताना पाहिलं, की कर्मचाऱ्याने गाडीवरची पट्टी स्कॅन केली आणि काम झालं. गाडीचं होतं तर रुग्णाच्या औषधाचं का नाही? मनगटावरच्या पट्ट्यावर बारकोड, औषधाच्या पाकिटावर बारकोड. दोन्ही जुळले तरच औषध द्यायचं. टोपेकात हे सुरू झालं आणि पुढे त्या खात्याच्या देशभरच्या रुग्णालयांत गेलं.

पण यंत्र आडवं आलं की माणसं वाट काढतात. बारकोड वापरणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा १५ प्रकारच्या पळवाटा आणि त्यामागची ३१ कारणं नोंदली आहेत. रुग्णाच्या पट्ट्याची जादा प्रत काढून ती भलतीकडेच चिकटवायची आणि तिथूनच स्कॅन करायचं, ही त्यातली एक. याला कामचुकारपणा म्हणणाऱ्यांनी कारणांची यादी वाचावी: चुरगळलेला बारकोड, संपलेली बॅटरी, न मिळणारं नेटवर्क, खोलीच्या दारातून आत न जाणारी ट्रॉली.

यंत्राच्या आकड्यालाही डोळे झाकून मान डोलवता येत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी पोचला. काळ्या त्वचेच्या रुग्णांत तो खरी घट झाकून चांगला आकडा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहे, हे अमेरिकेत २०२० मध्ये दाखवलं गेलं. आपल्या वॉर्डात हे ठाऊक असलेलं बरं. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरचं दुखणं उलट. तो इतक्यांदा उगाच ओरडतो, की खऱ्या हाकेलाही कान सरावतात.

आता आपल्या उपकेंद्रात येऊ. एएनएम ताईंच्या टेबलावर गरोदर मातांचं, लसीकरणाचं, कुटुंबनियोजनाचं अशी रजिस्टरं वर्षानुवर्षं आहेतच. २००९ मध्ये माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकप्रणाली आली, तिच्या जागी आरसीएच पोर्टल, २०१६ मध्ये टॅबलेटवरचं ‘अनमोल’. लशींच्या साठ्यासाठी २०१५ पासून ‘ई-विन’. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा ‘को-विन’, आणि त्याच धर्तीवर बाळांच्या लसीकरणासाठी ‘यू-विन’. प्रत्येक नव्या ॲपबरोबर रजिस्टर बंद होईल असं सांगितलं जातं. ते होत नाही. दिवसा वहीत लिहायचं, रात्री रेंज मिळाली की ‘ऑनलाइन करायचं’.

तरी यातल्या दोन गोष्टी मला मनापासून पटतात. ‘ई-विन’मध्ये लशीच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की इशारा संबंधितांच्या मोबाइलवर येतो. आणि लाभार्थ्यांची ‘ड्यू लिस्ट’: या सत्रात कुणाच्या बाळाचा कुठला डोस राहिलाय, ते नावानिशी. बीडची ऊसतोड कुटुंबं कोल्हापूर-सांगलीकडे जातात तेव्हा बाळाचं कार्ड पेटीत राहतं किंवा हरवतं. नोंद ऑनलाइन असली तर फडाजवळच्या उपकेंद्रातही पुढचा डोस देता येतो. भरलेली माहिती भरणारीच्याच उपयोगी पडली, की ती नीट भरली जाते. नुसती वर पाठवायची असेल, तर तिथे पुन्हा १८ आणि २०.

या सगळ्या माहितीत एक गोष्ट मात्र सापडत नाही: नर्सने काय केलं. रुग्णालयाच्या बिलात तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी, डॉक्टरांची फी वेगळी. नर्सिंग बहुधा खाटेच्या भाड्यात विरघळलेलं, नाहीतर दिवसाचा एक ठोक आकडा. कूस बदलली, घाबरलेल्या नातेवाइकाला समजावलं, उलटी होईल हे आधी ओळखलं, याला रकानाच नाही. हॅरिएट वर्ली या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने १९८० च्या दशकात याच दुखण्यावर बोट ठेवलं आणि नर्सिंगच्या किमान नोंदींचा १६ बाबींचा संच मांडला. रुग्णाला किती नर्सिंग लागलं, ही त्यातलीच एक बाब.

ही नोंद असली की काय होतं? लिंडा एकेन यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांची माहिती तपासून २००२ मध्ये दाखवलं, की शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एका नर्सवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी चढी दिसते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच नर्स-रुग्ण प्रमाणाचा कायदा केला होता. तो २००४ पासून अमलात आला.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे: शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात इन्फॉर्मॅटिक्सचा विषयही आला. जिथे सॉफ्टवेअर आहे तिथे कोणत्या पाळीत कोण लॉगिन होतं आणि वॉर्डात किती रुग्ण होते, हे दोन्ही आकडे आधीच साठलेले आहेत. एकाला दुसऱ्याने भागायचं आणि आलेला आकडा महिन्याच्या बैठकीत मेट्रनच्या हातात द्यायचा, एवढंच काम उरतं. त्याला नवं ॲप लागत नाही.