तोल सावरण्याचा अभ्यास

घरातील प्रौढ स्त्री गोठ्यातील ओल्या फरशीवर घसरते, मनगट किंवा खुबा मोडतो आणि ऐन सुगीत सारे घर अडून राहते. असे अपघात केवळ दैवाधीन नसतात. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन कमी होऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात. वयाबरोबर पायांचे बळ व तोलही घटतो.

दिवसभर राबणाऱ्या स्त्रीस निराळा व्यायाम कशाला, असे पुष्कळांस वाटते. परंतु खुरपणी बसून व वाकून होते. तोल सावरण्याचा अभ्यास तीत घडत नाही.

हा अभ्यास सोपा आहे. भक्कम खांबाजवळ, कोरड्या जागी उभे राहावे. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना भिडवून १० सेकंद स्थिर राहावे. ते साधल्यावर खांबास हात लावून एका पायावर तितकाच वेळ उभे राहावे. मग पाय बदलावा. पुढे भिंतीलगत टाचेस बोटे भिडवीत १० पावले चालावे. शेवटी स्थिर खुर्चीवरून सावकाश १० वेळा उठावे व बसावे. हे आठवड्यातून किमान तीन दिवस करावे. आधार हळूहळूच कमी करावा.

साठीपुढील व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

चक्कर येत असल्यास किंवा पूर्वी हाड मोडले असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ग्रामकार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत हे प्रात्यक्षिक अवश्य दाखवावे.