नाजूक कांतीला न्हाऊ कशाने घालावे?

दिवाळी महिन्यावर आली की वाण्याच्या दुकानात उटण्याच्या पुड्या दिसू लागतात. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, चंदन! त्या पुडीचा नुसता वास आला तरी मराठी माणसाला पहाटेची थंडी, न्हाणीघरातला बंब आणि पाठीवर फिरणारा आईचा हात आठवतो. शब्दही किती जुना! संस्कृतातल्या 'उद्वर्तना'पासून झिजत झिजत 'उटणे' झालेला. अशा घरंदाज वस्तूविषयी शंकेचा एक शब्द काढायचा म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाला धाडसच म्हटले पाहिजे. पण ज्या घरात इसबाने गांजलेले मूल आहे, त्या घराला ही शंका काढावीच लागते.

आमची धाकटी सहा वर्षांची आहे. कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या लवणीत तिची कातडी कोरडी, लाल, भेगाळलेली असते. दिवसा खेळण्याच्या नादात ती ते विसरते. रात्री मात्र अंथरुणात खाजवण्याची करकर सुरू होते आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. मूल झोपत नाही म्हणून आई झोपत नाही, आणि आई झोपत नाही म्हणून घर झोपत नाही. त्यात शाळेतल्या एका मैत्रिणीने 'मला होईल' म्हणून तिचा हात धरायचे नाकारले. वाचकहो, हे आधीच सांगून टाकतो : इसब म्हणजे खरूज नव्हे आणि नायटाही नव्हे. ते एकाचे दुसऱ्याला होत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी औषधे लिहून दिली, आणि जाताना विचारले, "हिला आंघोळ कशाने घालता?" या एका प्रश्नाने मला दोन वर्षे कामाला लावले. जे हाती लागले ते इथे मांडतो.

साबणाचा स्वभाव

निरोगी कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. इसबाच्या पुष्कळ मुलांत ही भिंत जन्मतःच थोडी कच्ची असते. स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की 'फिलॅग्रिन' नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातला दोष हे इसबाचे एक मोठे कारण आहे. मग भिंतीतून ओल बाहेर निसटते आणि धूळ, जंतू, साबण, सुगंधी द्रव्ये आत शिरतात.

शिवाय या भिंतीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच पाचाच्या आसपास. साबण जात्याच अल्कधर्मी. त्याचा पीएच नऊ ते दहा. आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्याने माझ्यासाठी चार वड्या पाण्यात विरघळवून पीएचच्या कागदावर तपासल्या. त्यातली एक खास बाळांसाठी म्हणून घेतलेली. चारही नऊच्या पुढे! पाचवी वडी 'सिंडेट' जातीची, म्हणजे दिसायला साबण पण घटकांनी साबण नव्हे. ती सहाच्या जवळ आली. स्नेही हसून म्हणाले, "सर, वेष्टनावरचं बाळ गोंडस आहे, पण कागद त्याच्याकडे बघत नाही!"

पुष्कळ गृहिणी वेष्टनावरचा 'टीएफएम'चा आकडा पाहून साबण घेतात. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के हवा. आकडा उपयोगाचा आहे, पण तो सांगतो वडीत खरा साबण किती आहे हे. ती वडी सौम्य आहे की नाही हे नव्हे. नाजूक कातडीसाठी 'सोप-फ्री' किंवा 'सिंडेट' असे लिहिलेली, पीएच साडेपाच ते सहाच्या आसपासची वडी अथवा द्रव बरा.

एक बारकावा भाषेच्या माणसाला विशेष आवडला. 'फ्रॅग्रन्स-फ्री' आणि 'अनसेंटेड' हे दोन शब्द आपण एकच मानतो. पण पहिल्याचा अर्थ सुगंधी द्रव्य घातलेले नाही; दुसऱ्यात मूळचा वास झाकण्यासाठी दुसरे द्रव्य घातलेले असू शकते. आपल्याला हवा तो पहिला.

आजींचा प्रश्न

आमच्या आईला हे सारे पटेना. "अरे, तुला याच उटण्यानं न्हाऊ घातलं मी. तुझं काय वाईट झालं?" प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. माझ्या कातडीची भिंत धड होती, म्हणून काही झाले नाही. भेगा पडलेल्या भिंतीला खरखरीत पूड, हळद आणि सुगंधी मुळ्या सोसत नाहीत.

डाळीच्या पिठाची गोष्ट आणखी वेगळी आहे. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचा अंश असलेला चेहऱ्याचा एक साबण खपत होता. तो वापरणाऱ्या २,००० हून अधिक लोकांना पुढे गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर त्रास होऊ लागला. तो साबण २०११ मध्ये बाजारातून परत घ्यावा लागला. फुटलेल्या कातडीतून शिरलेले अन्न शरीराला शत्रू वाटू लागते. म्हणून बेसन, मसूर, दूध हे इसबाच्या मुलाच्या पोटात जाऊ दे, अंगाला नको.

"मग रिठा? तो तर झाडाचाच!" रिठ्याचे शास्त्रीय नाव 'सॅपिंडस', म्हणजे चक्क 'हिंदी साबण'! त्याचा फेस येतो तो सॅपोनिनामुळे, आणि तो डोळ्यांत गेला की काय होते ते आपण सगळ्यांनीच अनुभवले आहे. झाडाचे म्हणजे सौम्य, हे समीकरण काही खरे नाही.

तेलाचेही तसेच. शेफिल्ड येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑलिव्ह तेलाने कातडीची भिंत आणखी दुबळी झालेली आढळली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. मोहरीच्या तेलाविषयीही तज्ज्ञ सावध करतात. उलट फिलिपाइन्समध्ये सौम्य ते मध्यम इसबाच्या ११७ मुलांवर झालेल्या, २०१४ च्या अभ्यासात शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. हे ऐकून मात्र आईचा चेहरा खुलला. गेल्या दिवाळीत तिने नातीला कोमट खोबरेलाने हलक्या हाताने अभ्यंग केले, ओवाळले, आणि उटण्याची सगळी वाटी माझ्या पाठीवर रिकामी केली!

पाणी, पंचा आणि मलम

आमच्या इमारतीत उन्हाळ्यात टँकरचे जड पाणी येते. अशा पाण्यात साबणाचा पांढरा चोथा होऊन अंगावर राहतो, तेव्हा पाणी मृदू करणारे यंत्र घ्यावे असा विचार मनात आला. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर हाच प्रयोग झाला आणि २०११ मध्ये निष्कर्ष निघाला, की यंत्राने इसबात जादा फायदा होत नाही. आंघोळीच्या पाण्यात घालायच्या स्निग्ध द्रव्यांचेही तेच : ब्रिटनमधल्या ४८२ मुलांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही. मध्यमवर्गीय खिशाला ही वार्ता दिलासा देणारीच नाही का?

उपयोगी पडते ते फार साधे आहे. पाणी कोमट असावे, कढत नको. आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपावी. वज्री, घासणी यांना रजा द्यावी. साबणाऐवजी घेतलेला सौम्य द्रव काखा, जांघा, पाय अशा मळणाऱ्या जागीच हाताने लावावा. नंतर जुना, धुऊन मऊ झालेला पंचा घेऊन अंग पुसू नये, टिपावे. आणि अंग ओलसर आहे तोवरच, तीन-चार मिनिटांच्या आत, मलम लावावे.

हे मलमच खरे महत्त्वाचे. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेलीही चालते. पातळ लोशनात पाणीच जास्त. पण चिमूटभर लावून भागत नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनानुसार अशा मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागते. आपण तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो! नवी कोणतीही वस्तू आधी कोपराच्या आत छोट्याशा जागी आठवडाभर रोज लावून पाहावी.

कपड्यांचे म्हणाल, तर दिवाळीचा नवा फ्रॉक अंगात घालण्यापूर्वी एकदा धुवावा, म्हणजे कापडावरची खळ जाते. मऊ सुती अस्तर असल्याखेरीज जरी आणि लोकर अंगाला लागू देऊ नये. धुण्याची पूड मापाने घ्यावी, कपडे एका पाण्याने जास्त खळबळावेत, आणि कपडे मऊ व सुगंधी करणारे द्रव टाळावेत.

दिवाळीत एक दक्षता विसरू नका. मलमे कपड्यांत मुरतात, आणि वाळलेल्या मलमाचे कापड चटकन पेट घेते. धुतल्यानेही ते पूर्ण निघत नाही. ब्रिटनच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ मध्ये सर्वच स्निग्ध मलमांबाबत हा इशारा दिला. तेव्हा पणत्या आणि फुलबाज्यांपासून अशा मुलाला दोन हात लांब ठेवा.

हे सगळे करूनही औषध सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. सौम्य आंघोळ भिंत सांभाळते; पेटलेली आग विझवायला डॉक्टरांचे मलमच लागते. ते भीतीपोटी अर्धवट सोडू नये. आणि कातडीतून पाणी येऊ लागले, पिवळी खपली धरली, पुरळाचे पुंजके उठले किंवा ताप आला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमच्या धाकटीचे इसब गेलेले नाही. पण आठवड्यातल्या पाच-सहा रात्री ती सलग झोपते, आणि हात न धरणारी ती मैत्रीण आता आमच्याकडे भातुकली खेळायला येते. आपल्या घरीही असे नाजूक कांतीचे बाळ असेल, तर त्याला ही दिवाळी गोड झोपेची जावो!