कार्डाला ताप, खिशाला ताप!

गाडीच्या डिकीत काय असतं? स्टेपनी, जॅक, मे महिन्यात फार तर हापूसची पेटी. पण काही वर्षांपूर्वी एका पठ्ठ्याने आपल्या बीएमडब्ल्यू आय-८ च्या डिकीत सहा आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्डं बसवून क्रिप्टोचं माइनिंग चालू केलं. कशासाठी? तर म्हणे गेमर्सना चिडवायला! दुकानात एक कार्ड मिळायची मारामार, आणि हा बाबा सहा-सहा घेऊन हिंडतोय. फोटोत डिकी सताड उघडी दिसते. साहजिक आहे. बंद केली असती तर आत भट्टीच!

हो, भट्टीच. माहीत आहे का? ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज खातं, जवळजवळ तेवढीच उष्णता खोलीत ओकतं. आरटीएक्स ३०९० ची भूक ३५० वॅटची, म्हणजे खोलीला ताप ३५० वॅटचा. अशी सहा लावली की २१०० वॅट. बाजारातला मोठा रूम हीटर साधारण २००० वॅटचा असतो. नाणं मिळो न मिळो, शेक पक्का!

फ्रेंचांनी तर या शेकाचंच प्रॉडक्ट केलं. २०१८ मध्ये कार्नो नावाच्या कंपनीने क्यूसी-१ हा ‘क्रिप्टो हीटर’ बाजारात आणला. भिंतीला लावायचा, आत दोन ग्राफिक्स कार्डं, पंखा एकही नाही. खोली उबदार होता होता इथीरियम हे क्रिप्टो नाणं जमा. किंमत तेव्हा? २९०० युरो फक्त!

कार्डावर नाणी खणायचा हा उद्योग सुरू करणाऱ्यांत कोण? पिझ्झावाला! २२ मे २०१० ला दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजणारा फ्लोरिडाचा लाझ्लो हॅन्येच आठवतो ना? ग्राफिक्स कार्डावर बिटकॉइन खणायचा प्रोग्राम सगळ्यांपुढे ठेवणाऱ्या पहिल्या लोकांत तोच. त्याआधी हे काम साधा प्रोसेसर करायचा. पिझ्झा खाल्ला त्याने, ओव्हन पेटला आपल्या घरी.

आता मुद्द्याचं. कार्ड तापलं की आपण काय करतो? पंखा वाढवतो. पंखा १०० टक्के, मग खिडकीतला एक्झॉस्ट, मग टेबल फॅन, मग घरातल्यांची बोलणी. पण खरी गंमत उलटी आहे. पंखा वाढवण्याआधी वीज कमी करा!

गणित शाळेतलंच आहे. चिपची भूक व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं की त्या हिशेबाने भूक १९ टक्क्यांनी उतरते. याला म्हणतात अंडरव्होल्टिंग. डाएट हो, उपवास नव्हे.

पण मग स्पीड? इथेच तर मजा! इथीरियमच्या माइनिंगमध्ये हिशेबाच्या चिपपेक्षा मेमरीची पळापळ जास्त असायची. चिप बरीचशी बसून वाट बघत असायची. म्हणून माइनर मंडळी कोअर क्लॉक खाली ओढायची, मेमरी क्लॉक वर ढकलायची, पॉवर लिमिटला कात्री लावायची. ३२० वॅटचं आरटीएक्स ३०८० सव्वादोनशे-अडीचशे वॅटवर आणून कमाई जवळपास तेवढीच! हे करायला आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बनवलं एमएसआयने, चालतं कुणाच्याही कार्डावर. शेजाऱ्याच्या विहिरीवर सगळ्या गावाचं पाणी!

पंख्याचंही एक गुपित ऐका. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला आठपट ताकद लागते. उलट वेग निम्मा केला की एक अष्टमांशात काम. म्हणून एक पंखा जीव तोडून पळवण्यापेक्षा दोन पंखे निवांत फिरवलेले बरे. कानांनाही आराम.

कानांवरून आठवलं. २००३ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका कोकलायचा की लोकांनी त्याचं नाव ‘डस्टबस्टर’ ठेवलं, म्हणजे हातातला छोटा व्हॅक्यूम क्लीनर. एनव्हिडियाने काय करावं? स्वतःचीच टर उडवणारा व्हिडिओ काढला. असे पंखे असले की फॅन व्हायला होतं!

बरं, स्क्रीनवर तापमान ६० दाखवतंय आणि तुम्ही खूश? थांबा! तो आकडा डोक्याचा. ताप स्मरणशक्तीला आहे! आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मधली जीडीडीआर६एक्स मेमरी माइनिंग करताना ११० अंशांपर्यंत चढायची. पाणी उकळतं १०० ला, बघा. ११० ला पोचली की कार्ड स्वतःच धापा टाकत वेग कमी करतं. वर ३०९० ची बांधणी तर खासच: २४ मेमरी चिप्स, त्यातल्या १२ कार्डाच्या पाठीवर. पंखे पोटाकडे आणि ताप पाठीला! मग लोकांनी कार्डाच्या पाठीवर उष्णता ओढून हवेत सोडणारे ॲल्युमिनियमचे हीटसिंक चिकटवले, वर एक्स्ट्रा पंखे ठेवले. पाठीवर पोटीस बांधावं तसं.

खरा इलाज मात्र दिसायला फारच किरकोळ. थर्मल पॅड! च्युइंगगमसारखी मऊ पट्टी, चिप आणि हीटसिंकच्या मधली फट भरणारी. एवढ्याशा फटीचं एवढं काय? तर हवा ही उष्णतेच्या बाबतीत महाकंजूष. तांबं हवेच्या सुमारे १५ हजार पट चांगली उष्णता वाहून नेतं. (हिरा तर तांब्याच्याही कितीतरी पुढे, पण पत्नीचा हार मागून बघा जरा.) कंपनीचा पॅड काढून चांगला पॅड बसवला की मेमरीचं तापमान दहा-वीस अंशांनी उतरल्याचे किस्से ढिगाने आहेत. जाडी मात्र मिलिमीटरच्या हिशेबात जुळायला हवी. पॅड जाड झाला तर मेमरी थंड आणि मुख्य चिप हीटसिंकपासून अधांतरी! शिवाय कार्ड उघडलं की वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

मुख्य चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात ती थर्मल पेस्ट संपली तर काय लावाल? एका जर्मन हौशी माणसाने यादीच करून बघितली: टूथपेस्ट, टोमॅटो केचप, बटाट्याची चकती, चीजची स्लाइस! छोट्या कार्डावर, पाच-पाच मिनिटं. केचपने चक्क वेळ निभावून नेली. पण पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. वाळलं की सँडविच जळालं.

आणि पेस्टऐवजी लिक्विड मेटल? त्यातला गॅलियम २९.७६ अंशांना वितळतो, म्हणजे तळहातावरसुद्धा! भारी ना? पण ॲल्युमिनियमवर सांडला तर तो धातू ठिसूळ करून टाकतो. तुमचा हीटसिंक ॲल्युमिनियमचा आहे का, आधी बघा. नंतर बघायला तो उरणार नाही.

सुपरकॉम्प्युटरवाल्यांनी तर भानगडच मिटवली होती. १९८५ चा क्रे-२ अख्खाच्या अख्खा फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला असायचा. वीज वाहून न नेणारा द्रव, त्यामुळे शॉर्टसर्किट नाही. टोपणनाव काय? ‘बबल्स’! आजचे मोठे माइनरही मशिन अशाच द्रवात बुडवतात. घरी मात्र करू नका, गोडेतेल तर नकोच नको.

सुरुवातीच्या हौशी माइनरांची आवडती कॅबिनेट कोणती, ओळखा पाहू! दुधाचे प्लास्टिक क्रेट! चारी बाजूंनी जाळी, हवा मोकळी, किंमत जवळपास शून्य. महागड्या बंद कॅबिनेटपेक्षा दूधवाल्याचं इंजिनिअरिंग सरस.

थंड हवेसाठी खाणवाले आइसलँडला धावले, आणि चोरही मागोमाग. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथे सुमारे ६०० माइनिंग कॉम्प्युटर चोरीला गेले. पकडलेला संशयित पुढे निसटला आणि ज्या विमानातून देशाबाहेर पळाला, त्यात त्या देशाच्या पंतप्रधानही बसल्या होत्या! याला म्हणतात कूल.

आपल्याकडे? चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. सेटिंग तेच ठेवलं तर बाहेर जितके अंश वाढतील, कार्डही साधारण तितकेच चढतं. २५ अंशांत ६५ वर असलेलं कार्ड ४५ अंशांत ८५ च्या घरात! विदर्भातला कूलर आठवला असेल, पण त्याचा ओला झोत थेट रिगवर, म्हणजे कार्डांच्या मांडणीवर, सोडू नका. धूळ अधिक ओल बरोबर चिखल, तोही हीटसिंकच्या पात्यांत. कोकणात खारा वारा आहेच, धातू खायला टपलेला.

मीटरचंही बघू. १२०० वॅटची रिग दिवसरात्र चालली तर दिवसाला २८.८ युनिट, महिन्याला ८६४. महावितरणचा घरगुती दर ५०० युनिटच्या वर सगळ्यात चढा. खाण कसली, हे तर खाणं झालं!

आणि कमाई? १५ सप्टेंबर २०२२ ला इथीरियमने माइनिंगच बंद केलं. ‘मर्ज’ म्हणतात त्याला. इथीरियमचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घसरला, आणि ग्राफिक्स कार्डांची सगळ्यात मोठी खाण एका दिवसात ओस पडली. बाकीची नाणी उरली, पण घरच्या विजेवर पोट भरेल अशी फारशी नाहीत. भारतात तर क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि माइनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही. म्हणजे कार्ड तुमचं, ताप तुमचा, बिल तुमचं.

तरी हौसेने चालवताय? चालवा की! आणि गेम खेळणाऱ्यांनो, व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनो, वरचं सगळं तुमच्या कार्डालाही लागू आहे. तर आता एक काम करा. पीसी बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा आणि रंगाचा मऊ ब्रश घ्या. पंख्याला बोटाने धरून मगच पाती झाडा. शेवटची धूळ कधी पुसली होती, आठवतंय का?