शरीरातील एटीपी आणि त्याचे वैद्यकातील स्थान

पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते, हे आपणांस ठाऊकच आहे. तत्पूर्वी मेस्राम कुळातील गोंड बांधव गोदावरीचे पवित्र जल आणण्यासाठी कित्येक दिवस पायी चालतात. त्यामागे श्रद्धेचे बळ असते, यात शंका नाही. त्याच वेळी देहात जे कार्य अखंड चालू असते, त्याविषयी येथे थोडी माहिती देत आहोत.

आपण खाल्लेली ज्वारीची भाकरी स्नायूंना थेट चालवू शकत नाही. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म घटकांत प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातील ऊर्जा ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, या रेणूच्या रूपात साठविली जाते. या रेणूला तीन फॉस्फेट गट जोडलेले असतात. शेवटचा गट विलग होताना पेशीला कार्यासाठी ऊर्जा मिळते आणि अन्नाच्या ऊर्जेवर तो गट पुन्हा जोडला जातो. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी केवळ काही तोळेच असते. परंतु दिवसभरात ते इतक्या वेळा मोडते व घडते, की एकूण उलाढाल जवळजवळ आपल्या देहाच्या वजनाएवढी होते. स्नायू आखडण्यासाठी एटीपी लागते, तसेच ते सैल होण्यासाठीही लागते. मृत्यूनंतर देह ताठर होतो त्याचे कारण हेच.

या शोधाशी आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचे नाते आहे. १८९५ साली भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यास घ्यावयाचा होता. पुढे ते वैद्यकाकडे वळले. अमेरिकेतील हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२७ साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले, आणि १९२९ साली एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधले, म्हणून श्रेय दोन्हीकडे दिले जाते. सुब्बारावांचे नाव मात्र आपल्याकडे आजही फार थोड्यांना ठाऊक आहे, याची आम्हांस खंत वाटते. १९४८ साली त्यांचे निधन झाले.

वैद्यकात या ज्ञानाचा उपयोग कसा होतो? हृदयविकाराच्या झटक्यात रक्तप्रवाह अडताच हृदयाच्या पेशींतील एटीपी काही मिनिटांतच घटू लागते. म्हणून छातीत दाब किंवा कळ येत असल्यास घरी वाट पाहू नये. हृदयाचे ठोके एकाएकी अतिवेगाने पडू लागल्यास, ठरावीक प्रकारात डॉक्टर ॲडेनोसिनचे इंजेक्शन देतात. एटीपीच्याच कुळातील हे द्रव्य रक्तात काही सेकंदच टिकते. ते रुग्णालयातच, ईसीजी पाहत दिले जाते आणि दम्याच्या रुग्णांस सहसा देत नाहीत. बाजारात शक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एटीपीच्या गोळ्यांवर मात्र खर्च करू नये, असे आमचे मत आहे. तोंडाने घेतलेले एटीपी बहुतांशी पोटात व आतड्यातच मोडते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्षयरोगाविषयी आहे. क्षयाच्या जंतूलाही जगण्यासाठी एटीपी लागते. बेडाक्विलिन हे औषध जंतूतील एटीपी घडविणारी यंत्रणाच बंद पाडते; मानवी पेशींतील तत्सम यंत्रणेला ते फारसे बाधत नाही. अमेरिकेत त्यास २०१२ साली मान्यता मिळाली आणि भारतात २०१६ पासून ते राष्ट्रीय कार्यक्रमात आले. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत, इंजेक्शने घ्यावी लागत व पुष्कळ रुग्ण मध्येच सोडून देत. २०२४ साली केंद्र शासनाने बेडाक्विलिनसह चार औषधांच्या, सुमारे सहा महिन्यांच्या उपचारास मान्यता दिली. या औषधाने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून अधूनमधून ईसीजी काढावा लागतो. आपल्या भागातील पाड्या-तांड्यांवरील कुटुंबांना दीर्घ उपचारासाठी मजुरी बुडवून शहरात वारंवार जाणे किती कठीण असते, हे आपण जाणताच.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडक्याची तपासणी करून घ्यावी. तपासणी व औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात.