फाइल्स उडवल्या, तरी जागा का नाही मिळाली? स्नॅपशॉटची गोष्ट

आजचा विषय आहे स्टोरेज ॲरेवरचे स्नॅपशॉट. पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. रात्री दोन वाजता अलर्ट आला, एक व्हॉल्यूम ९८ टक्के भरलाय. अर्धवट झोपेत लॉगिन केलं आणि जुन्या लॉग फाइल्स धडाधड उडवल्या. बघतो तर अजून ९८! आणखी उडवल्या, तरी तेच. थोड्या वेळाने ॲप्लिकेशनला लिहायला जागाच उरली नाही, सगळं ठप्प. सकाळी सीनियरने एक कमांड मारली आणि विचारलं, "हा तीन आठवड्यांपूर्वीचा स्नॅपशॉट कोणाचा रे?" माझाच होता. अपग्रेडच्या आधी घेतला आणि विसरलो.

आता हे झालं कसं? समजा, तुमच्याकडे एक जाडजूड वही आहे. स्नॅपशॉट म्हणजे अख्ख्या वहीची झेरॉक्स नाही, फक्त अनुक्रमणिकेची झेरॉक्स. म्हणून तो काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ घेत नाही. अट एकच, झेरॉक्समध्ये ज्या पानांचे नंबर आहेत ती पानं खोडायची नाहीत. बदल करायचा असेल तर नव्या कोऱ्या पानावर. नेटॲपच्या ॲरेमध्ये साधारण असंच चालतं. काही सिस्टीम थोडं वेगळं करतात. जुनं पान खोडण्याआधी ते बाजूला उतरवून ठेवतात. त्याला कॉपी ऑन राइट म्हणतात.

मी त्या रात्री फाइल्स उडवल्या, म्हणजे चालू अनुक्रमणिकेतून ओळी काढल्या. पानं मात्र अडकलेलीच, कारण झेरॉक्स अजून त्यांच्याकडे बोट दाखवत होती.

आता कमांड बघू. उदाहरण नेटॲपच्या ऑनटॅपचं घेतो, कारण तिथल्या कमांड बोलल्यासारख्या वाचता येतात. स्नॅपशॉट घ्यायचा तर "व्हॉल्यूम स्नॅपशॉट क्रिएट", पुढे व्हीसर्व्हर, व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉटचं नाव. यादी आणि साइज बघायला शेवटचा शब्द "शो". काढून टाकायला "डिलीट". आणि मागे जायला "रिस्टोअर". इथे जपून! अख्खा व्हॉल्यूम जुन्या स्नॅपशॉटवर नेला की त्यानंतरचा डेटा जातो, आणि त्यानंतर घेतलेले स्नॅपशॉटसुद्धा जातात. एकच फाइल हवी असेल तर एनएफएसवर डॉट स्नॅपशॉट नावाच्या फोल्डरमधून ती सरळ कॉपी करून घ्या.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. ऑनटॅपची डीफॉल्ट पॉलिसी तासाचे ६, दिवसाचे २ आणि आठवड्याचे २ स्नॅपशॉट ठेवते आणि त्यातले जुने आपोआप काढते. पण हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटला ती हात लावत नाही. तो तुमचा तुम्हीच आवरायचा. म्हणून नावातच तारीख आणि कारण लिहा, कॉमेंटमध्ये स्वतःचं नाव टाका, आणि घेतल्या क्षणी डिलीट करायच्या तारखेचा रिमाइंडर लावा.

डेटाबेस असेल तर अजून एक काळजी. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक लाइट गेल्यावर डिस्कवर जे उरतं ते. बहुतेक डेटाबेस त्यातून सावरतात, पण डेटा एका व्हॉल्यूमवर आणि लॉग दुसऱ्यावर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा. मायएसक्यूएलमध्ये त्याआधी "फ्लश टेबल्स विथ रीड लॉक" देतात. आणि ते सेशन स्नॅपशॉट होईपर्यंत उघडंच ठेवायचं. बंद केलं की लॉक सुटला!

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. वहीच जळाली तर अनुक्रमणिकेच्या झेरॉक्सचा काय उपयोग? ॲरे गेला तर त्याच्यावरचे स्नॅपशॉटही गेले. बॅकअप वेगळ्या मशीनवर, शक्यतो वेगळ्या जागी ठेवा.

तर आज ऑफिसला गेलात की एकदा "स्नॅपशॉट शो" मारून बघा. यादीत तुमचा एखादा विसरलेला स्नॅपशॉट निघाला, तर रात्री दोनच्या अलर्टची वाट बघू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!